राजाने हातात न घेतलेला अर्ज

बॉस्टन, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा मी अमेरिकन नागरिकत्वाच्या मुलाखतीची तारीख सांगितली आणि बाबा गप्प झाले. मग आईने फोन घेतला, कृष्णेला पाणी किती चढलंय ते सांगितलं आणि ठेवून दिला. फोनवर माझं निम्मं बोलणं घशातच राहतं, म्हणून लिहायला बसले.

मुलाखतीसाठी इथल्या इतिहासाचे प्रश्न पाठ करावे लागतात. त्यातला एक असा, की वसाहतीतले लोक ब्रिटिशांशी का लढले? कर फार होते, ब्रिटिश सैनिक घरात येऊन राहायचे, स्वतःचं सरकार नव्हतं, यातलं काहीही एक म्हटलं तरी चालतं. बाबा, तुम्ही इथे आला होतात तेव्हा चहावरच्या कराविरुद्धच्या दंग्याची आठवण म्हणून बंदरावर ठेवलेलं ते जहाज बघून म्हणाला होतात, "तीन पेनीसाठी एवढा तमाशा?" तेव्हा मी हसले होते. आता अभ्यास करताना वाटतं, नेमका प्रश्न तुम्हीच विचारला होतात.

कर फार होते हे खरं नाहीच. इंग्लंडातला माणूस इथल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. सैनिकांना राहायला जागा द्यायचा १७६५ चा कायदाही बराकी, खाणावळी आणि रिकाम्या इमारतींबद्दल होता, राहत्या घरांबद्दल नव्हता. पण परीक्षेत हे सांगायचं नाही.

खरी सुरुवात तुमच्या धंद्यापासून झाली. १७६३ मध्ये फ्रान्सशी चाललेलं सात वर्षांचं युद्ध संपलं. इंग्लंड जिंकलं, पण कर्ज दुपटीच्या जवळ गेलं. इथल्या रक्षणासाठी सैन्य ठेवायचं तर खर्चाला यांनीही हातभार लावावा, असं पार्लमेंटने ठरवलं आणि १७६५ मध्ये स्टॅम्पचा कायदा केला. कोर्टाचे कागद, जमिनीचे दस्त, परवाने, वर्तमानपत्रं, पंचांगं, इतकंच काय पत्त्यांच्या जोडालाही सरकारी छाप हवा. बॉस्टन ज्या वसाहतीत येतं त्या मॅसॅच्युसेट्ससाठी स्टॅम्पचा अधिकारी नेमला अँड्र्यू ऑलिव्हरला. लोकांनी १४ ऑगस्टला त्याचा पुतळा करून झाडाला टांगला आणि रात्री त्याच्या घराची मोडतोड केली. एकही स्टॅम्प विकण्याआधी बिचाऱ्याने नोकरी सोडायचं कबूल केलं. तहसील कचेरीच्या आवारात, छत्रीखाली नोंदवही घेऊन तुम्ही इतकी वर्षं स्टॅम्पपेपर विकलेत, लोकांनी फार तर सुट्ट्या पैशांवरून वाद घातला असेल!

लोकांचं म्हणणं सरळ होतं. आम्हीही इंग्रजच आहोत. आमच्या विधानसभा आमच्यावर कर बसवतात, ते आम्ही भरतो. ज्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस नाही, तिने आमच्या खिशात हात का घालावा? म्हणजे १७६५ साली यांना घराबाहेर पडायचंच नव्हतं, घरातला म्हणून मोजलं जायला हवं होतं. पुढच्या वर्षी कायदा रद्द झाला, बॉस्टनमध्ये रोषणाई झाली. पण कायदा रद्द केला त्याच दिवशी पार्लमेंटने आणखी एक कायदा केला, की वसाहतींवर कुठल्याही बाबतीत कायदे करायचा हक्क आमचाच. आनंदाच्या भरात त्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. माझ्या मते सगळी मेख तिथे आहे.

चहाचं तर उलटंच होतं. १७७३ च्या कायद्याने चहा महाग झाला नाही, स्वस्त झाला. ईस्ट इंडिया कंपनी कर्जात होती, लंडनच्या गोदामांत चहा पडून होता, तो तिला थेट इथे विकू दिला. फक्त पौंडामागे तो तीन पेनी कर राहिला. स्वस्त चहा प्यायलो म्हणजे कर कबूल केला, हे लोकांनी ओळखलं. १६ डिसेंबरच्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. (चहा चीनचा होता, आसामचा नव्हे.) त्याच वर्षी ऑगस्टात शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला होता. मेणवलीच्या नाना फडणवीसांनी पुढे जन्मभर जिच्याशी डाव खेळले, तीच ही कंपनी.

शिक्षा म्हणून लंडनने बॉस्टनचं बंदरच बंद केलं. एका गावाला दामटलं आणि बाकीच्या वसाहतीही जाग्या झाल्या. एप्रिल १७७५ मध्ये बॉस्टनजवळच्या लेक्सिंग्टनला गोळ्या सुटल्या. आणि बाबा, रक्त सांडल्यावरही त्यांनी जुलैत राजाला अर्ज लिहिला, अगदी अदबीने, की तुम्ही मध्ये पडा, समेट करा. तिसऱ्या जॉर्जने तो हातातही घेतला नाही. ऑगस्टात त्याने यांना बंडखोर जाहीर केलं. १७७६ च्या जानेवारीत टॉमस पेनची स्वातंत्र्य मागणारी पुस्तिका निघाली. हा इथे येऊन जेमतेम वर्ष झालेला, इंग्लंडात अबकारी खात्यातून काढलेला माणूस. त्याने लिहिलं, इंग्लंडला आई म्हणता, पण जनावरंही आपली पिल्लं खात नाहीत. सहा महिन्यांत स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला.

सगळं उदात्त होतं असं नाही. गुलामीच्या नावाने ओरडणाऱ्या कितीकांच्या घरी गुलाम राबत होते, आणि पश्चिमेकडच्या मूळ लोकांच्या जमिनींवर वस्ती करायला राजाने केलेली बंदीही त्यांना खुपत होतीच.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट. बेंजामिन फ्रँकलिनच्या घरात बाप बंडखोर आणि मुलगा राजनिष्ठ होता. विल्यम न्यू जर्सीचा गव्हर्नर होता, राजाला धरून राहिला म्हणून तुरुंगात गेला. तो आत असताना त्याची बायको वारली, तिला भेटायला सोडलं नाही. बापाने त्याला शेवटपर्यंत मनापासून माफ केलं नाही. मुत्सद्दी म्हणून मोठा होता, पण मला तो तिथे आवडत नाही.

आता माझं. मी इथे चौदा वर्षं कर भरतेय आणि मला मत नाही. गावच्या शाळेचं बजेट ठरतं, मी मागच्या बाकावर बसून ऐकते. अर्जाचं कारण एवढंच आहे. माझा कुणी छळ केला नाही, माझी कुणावर तक्रार नाही. म्हणूनच शपथेतलं ते वाक्य जड जातंय. परक्या राजावरची, राष्ट्रावरची निष्ठा मी पूर्ण सोडते, असं हात वर करून म्हणायचं. वाईच्या मतदारयादीतलं नावही जाईल, पासपोर्ट परत द्यावा लागेल. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना देतात ते ओसीआय कार्ड मिळेल, येण्याजाण्याला अडचण नाही, हे मी आईला सांगितलंय. बाबांना ते पुरत नाही, हेही मला कळतं.

मुलाखत पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला आहे. बाबा, जे फोनवर बोलला नाहीत ते लिहा. रागावून लिहिलंत तरी चालेल. दादाला फोटो काढून पाठवायला सांगा, टपालाला वेळ लागेल. मी ते शपथेआधी वाचेन.

तुमची,
ताई