खेड्यातली बचत तुरीच्या हंगामात होते

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत घरखर्च वाचवायच्या टिप्स येतात त्या मी नेमानं वाचते, कात्रणं पण ठेवते, चांगल्या असतात. पण त्यातल्या बहुतेक पगारदार घरासाठी असतात, म्हणजे एक तारखेला पैसे आले की त्याचे भाग कसे पाडायचे, दुकानात जाताना यादी कशी न्यायची वगैरे. आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात शेतकऱ्याच्या घरात पैसा येतो तो दिवाळीपासून होळीपर्यंत, सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा जसं जसं निघतं तसा, आणि मग तो आटायला लागतो, मे-जूनमध्ये बी-बियाणं खतात जातो तो जातो आणि पोळ्यापर्यंत घरात रोख म्हणून काही उरत नाही. त्यामुळे आमच्याकडच्या बाईची बचत जी काय व्हायची ती जानेवारी ते मे मध्येच होऊन जाते, पावसाळ्यात ती कितीही काटकसर करो, हाती फारसं लागत नाही कारण तेव्हा सगळं उधारीवर आणि पुडीवर चाललेलं असतं. हे कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते आहे.

तुरीपासूनच सांगते. ज्याच्या वावरात तूर पिकते तोच माणूस सगळी तूर मार्केटला नेऊन टाकतो आणि श्रावणात किराणा दुकानातून पाव-पाव किलो डाळ आणतो, हे इतकं सर्रास चालतं की आता कोणाला त्यात काही वाटत पण नाही. पाच माणसांच्या घरात रोजची पाव किलो डाळ धरली तरी वर्षाला 90 किलोच्या वर जाते. एक क्विंटल तुरीची साधारण 70 किलो डाळ पडते, म्हणजे सव्वा-दीड क्विंटल तूर घरी ठेवली की वर्षभर वरणाची चिंता नाही. 2025-26 चा तुरीचा हमीभाव 8000 रुपये क्विंटल आहे, त्या भावानं हिशोब लावला तरी डाळ 115 रुपये किलोच्या आसपास घरात पडते, वर भरडाईचे पैसे धरा आणि जी चुनी (टरफलं, भुसा) निघते ती ढोरांना होते, ढेपेचा तेवढा खर्च वाचतो, तो त्यातून वजा करा. आणि मार्केटमध्ये भाव हमीभावाच्या खाली गेला असेल तर घरची डाळ आणखी स्वस्त पडली.

पहिले घरोघरी जात्यावर भरडायचे, आता जातं ओढायला कोणाच्या अंगात तेवढं बळ नाही आणि वेळ पण नाही, पण अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं काढलेली मिनी दाल मिल खेड्यापाड्यात आलेली आहे, आजूबाजूच्या गावात विचारलं की सापडते. त्यात तूर आधी एकदा रोलरमधून काढतात म्हणजे सालीला ओरखडे पडतात, मग तेलाचा हात लावून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायची, मग थोडं पाणी शिंपडून ढीग करायचा, वरून ताडपत्री किंवा जुनी गोधडी टाकून रात्रभर झाकून ठेवायचा, सकाळी परत ऊन दाखवायचं आणि मग भरडायची. ही उन्हाची आणि झाकायची कामं आपण घरी नीट केली तर साल सुटून येते आणि चुरा कमी पडतो, घाईघाईत ओलसर तूर नेली की अर्धी डाळ फुटते आणि मग बाया म्हणतात मशीन खराब आहे. जी बारीक चुरी निघते ती टाकू नका, भिजवून वाटली की उन्हाळ्यात तिचे सांडगे होतात, पावसाळ्यात ज्या दिवशी घरात भाजी नाही त्या दिवशी तेच कामी येतात.

डाळ करून ठेवायचा आणखी एक फायदा आहे, तो म्हणजे भुंगा. भुंगा अंडी घालतो ती अख्ख्या दाण्यावर, म्हणून अख्खी तूर, मूग, हरभरा, बरबटी (चवळी) जितकी लवकर पोखरली जाते तितकी डाळ पोखरली जात नाही. जे अख्खं ठेवायचंच आहे त्याला किलोला एक चमचा या हिशोबानं खायचं तेल नाहीतर एरंडेल चोळायचं, सगळ्या दाण्यांना लागलं पाहिजे, आणि दाणा आधी इतका वाळलेला पाहिजे की दाताखाली धरला तर कट्कन फुटला पाहिजे, दबला तर अजून ऊन लागतं असं समजायचं. एप्रिल-मेचं आमचं ऊन फुकट मिळते, त्याच्यासारखं दुसरं औषध नाही. कोठी भरताना गच्च भरा, वर जागा रिकामी ठेवू नका आणि झाकणाला फट राहू देऊ नका.

पण धान्यात टाकायच्या ज्या गोळ्या मिळतात त्या राहत्या घरात वापरू नका हो. त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी गॅस निघतो, बंद खोलीत लेकरं झोपलेली असतात, त्यानं जीव जातो. धान्य चाळून निवडून परत वाळवता येते.

मिरचीचं पण तसंच, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वाळलेली मिरची भरपूर येते, भिवापूरची घ्या की दुसरी कोणती, पण अख्खी घ्या, देठं घरी तोडा, दोन उन्हं द्या आणि समोर उभं राहून चक्कीवर दळून आणा. हिंगाचा खडा टाकून बरणीत भरलं की वर्ष निघून जाते. हळद, धने तसेच. सांभार म्हणजे कोथिंबीर, ती उन्हाळ्यात महाग होते तर हिवाळ्यात दहा रुपयाला मोठी जुडी मिळते तेव्हाच सावलीत वाळवून ठेवायची, वास थोडा कमी येतो पण वरणात चालते. वांगी, गवार, भेंड्या, भेदरं (टमाटे) बाजारात मातीमोल होतात तेव्हा चिरून वाळवायची. हे सगळ्याच बायांना येते, नवीन काही नाही, फक्त आता कोणी करत नाही.

आता पुडीचं बोलते, कारण पैसा खरा इथूनच जातो. आषाढ-श्रावणात हातात वीस रुपये असले की पाच रुपयाची चहापत्ती, पाच रुपयाचं तेल, दोन रुपयाचा शाम्पू, असं रोज चालते आणि महिन्याच्या शेवटी त्याच पैशात किती मोठं पाकीट आलं असतं याचा कोणी हिशोब करत नाही. हातात एकदम पैसे नसतात म्हणून पुडी घ्यावी लागते हे मला कळते, आळस म्हणून कोणी घेत नाही. यावर आमच्याकडच्या बचत गटातल्या बायांनी जे केलं ते मला फार पटलं, पाच-सहा घरं मिळून मे महिन्यातच तेलाचा पंधरा किलोचा डबा, चहापत्ती, साखर, मीठ, कपड्याचं साबण असं ठोक घेतात आणि काट्यावर तोलून वाटून घेतात. ज्या घरी पैसे कमी तिच्यासाठी गटातून अंतर्गत कर्ज, ते कापूस आल्यावर फेडते. किराणा दुकानदाराच्या उधारीपेक्षा त्याचं व्याज कमी आणि भाव पण आपल्या डोळ्यासमोर ठरलेला.

आणि पाकीट घेताना एक पहात जा, आता पाकिटावर एका ग्रॅमला किंवा एका मिलीला किती पैसे पडले ते छापलेलं असते, बारीक अक्षरात असते पण असते. आता तेलाची पिशवी एक लिटरचीच दिसते पण आत 850 नाहीतर 800 ग्रॅमच असते असं पण होते, किंमत कमी पाहून आपण उचलतो. पोरगा-पोरगी शाळेत जात असतील तर त्यांच्याकडून वाचून घ्या, त्यांचं गणित पण पक्कं होईल. सगळीकडे मोठं तेच स्वस्त असंही नाही, शाम्पूची पुडी कधी कधी बाटलीपेक्षा स्वस्त पडते, फक्त त्या रिकाम्या पुड्या नालीत जातात आणि पहिल्या झडीत नाली तुंबते, नाहीतर चुलीत जाळतात आणि तो धूर घरात फिरतो. तो कचरा साठवून ग्रामपंचायतीच्या गाडीत तरी टाका, गाडी येत असेल तर.

आता गॅस. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं, अमरावती, अकोला, बुलढाणा तिन्ही जिल्ह्यात पूर्णेच्या काठानं हा पट्टा आहे, इथं बोअरच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात आणि 14.2 किलोचं सिलेंडर महिनाभर पण पुरत नाही. नळाचं पाणी रोज येत नाही. म्हणून माझं सगळ्या खारपाणवाल्यांना सांगणं आहे की स्वैपाकापुरतं पावसाचं पाणी साठवा. 20 फूट बाय 25 फुटाचं टिनाचं छप्पर असलं आणि त्यावर 100 मिलिमीटर पाऊस झाला तर सांडलवंड जाऊन 4000 लिटरच्या जवळपास पाणी हाती येते. पहिला पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्यायचा, मग पन्हाळीच्या पाईपाला दुहेरी सुती फडकं बांधून टाकीत घ्यायचं, टाकी झाकलेली पाहिजे नाहीतर डेंग्यूचे मच्छर होतात. या पाण्यात डाळ दोन तास आधी भिजवून लावली की किती लवकर शिजते ते एकदा करून पहा. हेच पाणी प्यायचं असलं तर उकळून. शेगडीची ज्योत पिवळी दिसत असेल आणि गंज (पातेलं) बुडातून काळा होत असेल तर बर्नर साफ करा, गॅस वाया जात आहे.

काही घरी अजून चूल पण पेटते, पऱ्हाट्या-तुराट्या (कापसाच्या, तुरीच्या वाळल्या काड्या) घरच्याच असतात, त्यात वाईट काही नाही. फक्त पऱ्हाट्यांचा ढीग पेरणीच्या टायमापर्यंत धुऱ्यावर नाहीतर घरामागं ठेवू नका, त्यातच गुलाबी बोंडअळी तग धरते आणि पुढच्या वर्षीच्या कापसावर चढते. फुकटचं जळण मग फवाऱ्याच्या खर्चात जाते.

विजेचं थोडक्यात सांगते. जुना पंखा 75 वॅटचा असतो, तेरा-साडेतेरा तास फिरला की एक युनिट, नवीन बीएलडीसी पंखा 30-35 वॅटमध्ये तेवढीच हवा देतो. आणि 100 युनिटच्या वर गेलं की वरच्या युनिटचा दर एकदम वाढतो, म्हणून उन्हाळ्यात कूलरची मोटर रात्री दोन-तीन वाजता बंद करा, नुसता पंखा पुरतो.

शिळ्या भाकरीचं मी लिहीत नाही, भाकरीचे कुटके फोडणीला टाकायला खेड्यात कोणाला शिकवावं लागत नाही. आमच्याकडे अन्न वाया जाते ते लग्नात आणि तेरवीत. सात-आठ भाज्या, दोन गोड, वर आईस्क्रीम, आणि पत्रावळीवर अर्धं तसंच राहते, आणि हे सगळं सावकाराकडून पैसे काढून. गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे, कर्ज काढून जेवणावळी घालू नका हे ते गावोगाव सांगत फिरले. त्यांच्या नावानं गावात स्वच्छता अभियान होते, भिंतीवर चित्र काढतात, पण पंगतीत वरण-भात, पोळी, एक भाजी आणि एक गोड एवढंच ठेवायचं म्हटलं की लोक काय म्हणतील म्हणून घरचेच आडवे येतात. गावानं ग्रामसभेत बसून एकदा ठरवलं तर एकट्या घरावर बोल येणार नाही.

शेवटी एक गोष्ट, तुम्हाला बाकीचं कापायचं असलं तर कापा पण हे छापा. काही टाकू नये, सगळं वापरावं ही आपली सवय चांगली आहे, पण फवारणीच्या औषधाचे डबे आणि बाटल्या घरात अजिबात वापरू नका. पाच लिटरचा मजबूत डबा दिसतो, टाकवत नाही, मग कोणी त्यात रॉकेल ठेवते, कोणी परसाकडे न्यायला, कोणी तर धुऊन वावरात प्यायचं पाणी नेते. ते कितीही धुतलं तरी प्लास्टिकमध्ये मुरलेलं असते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. डबा रिकामा झाला की तीनदा पाण्यानं खंगाळून ते पाणी फवाऱ्याच्या पंपातच टाका, म्हणजे तळाचं औषध पण कामी येते, आणि मग डब्याला खिळ्यानं भोकं पाडा. तसंच उरलेलं रंगीत बियाणं, त्याला औषध लावलेलं असते, ते दळू नका, कोंबड्यांना टाकू नका.

भोकं पाडलेले डबे ठेवायचे कुठं हा प्रश्न राहतो, भंगारवाला घेऊन जातो तर पुढं त्याचं काय होते कोणाला माहीत नाही. म्हणून कृषी केंद्रांनी औषध विकताना रिकामा डबा परत घ्यायची सोय करावी, डब्यामागं थोडे पैसे कापून परत आणल्यावर द्यावे, म्हणजे माणूस आठवणीनं आणेल. आणि ते होईपर्यंत ग्रामपंचायतीनं वस्तीपासून आणि विहिरीपासून दूर एक कुलपाची खोली द्यावी. फवारणी आता सुरू होईल, त्याआधी हे झालं पाहिजे.

आपली,
एक वाचक गृहिणी
ता. दर्यापूर, जि. अमरावती