खिडकीजवळचं टेबल

भांडुप, मुंबई
१४ सप्टेंबर

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र गणपतीच्या आधी आलं आणि उत्तर आज जातंय, रागावू नकोस. या वर्षी गौरी-गणपतीत चिपळूणला येणंही जमलं नाही. तू विचारलंयस, ‘सारखी कामात असतेस, तर लायब्ररीत एवढं नवीन चाललंय तरी काय?’ आज रविवार आहे, स्वयंपाक उरकलाय, बाहेर पाऊस लागलाय. तेव्हा सगळं नीट सांगते.

आमच्या कॉलेजची लायब्ररी तू पाहिली आहेस. लांबट खोली, लोखंडी कपाटं, आणि पावसाळ्यात पुस्तकांना येणारा तो दमट वास. या मे महिन्यात आम्ही पुस्तकांची सगळी दाखल नोंदवही संगणकावर चढवायला घेतली. त्यासाठी ‘कोहा’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडमधल्या एका लहानशा जिल्ह्याच्या वाचनालयांसाठी ते तयार झालं आणि जानेवारी २००० मध्ये तिथे सुरू झालं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. पैसे नसलेल्या आमच्यासारख्या कॉलेजला ती भेटच आहे गं, दुसरा शब्द नाही.

एकेक पुस्तक हातात घ्यायचं, पुसायचं, बारकोड चिकटवायचा, नोंद करायची. आमचे परिचर काका आणि मी, दोघंच. कसर लागलेली पुस्तकं वेगळी काढली, त्यांचा ढीग बघवत नव्हता. पण खरी गंमत जुन्या कार्डांच्या कपाटात होती. ते आता निघणार म्हणून मी एकेक खण उपसत होते, तर एक पिवळं पडलेलं कार्ड हाताला लागलं. सुरेख, टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं: ‘प्रभू, आरती. पाहा: खानोलकर, चिं. त्र्यं.’ तसंच दुसरं, ‘कुसुमाग्रज. पाहा: शिरवाडकर, वि. वा.’ माझ्या आधीच्या ग्रंथपाल बाईंनी टोपणनावांची अशी कितीतरी कार्डं करून ठेवली होती. त्या केव्हाच निवृत्त झाल्या. मी इतकी वर्षं त्या कपाटाशेजारी बसले आणि ते खण कधी उघडून पाहिले नाहीत, याचं फार वाईट वाटलं.

कारण मागच्याच वर्षी मराठी घेतलेली एक मुलगी आरती प्रभूंच्या कविता घेऊन गेली होती. पंधरा दिवसांनी पुस्तक परत करताना म्हणाली, ‘यांचं अजून काही आहे का?’ मी खानोलकरांच्या कादंबऱ्यांचं कपाट दाखवलं, तर ती गोंधळून म्हणाली, ‘मॅडम, हे कोण?’ मी होते म्हणून सांगितलं. नसते तर एकाच लेखकाची निम्मी पुस्तकं तिच्यासाठी नव्हतीच म्हणायची. आता त्या कार्डांवरचं सगळं आम्ही कोहात घातलंय. कुठलंही नाव टाका, दोन्ही कपाटं समोर येतात. आणि पुस्तकाचं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये असं दोनदा घालतोय, कारण पोरं मोबाइलवर मराठीसुद्धा रोमनमध्ये टाइप करतात आणि देवनागरीत शोधलं तर एक वेलांटी चुकली की पुस्तक हाती लागत नाही. यात वेळ दुप्पट जातो, पण मला तो वाया गेलासा वाटत नाही.

बाकीचं थोडक्यात सांगते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांना जोडणाऱ्या सरकारी केंद्राची एन-लिस्ट म्हणून योजना आहे, तिच्यातून सहा हजारांहून जास्त ई-जर्नल, म्हणजे संगणकावर वाचायची अभ्यासाची नियतकालिकं, आणि भरपूर ई-पुस्तकं मिळतात. यंदा पहिल्यांदा प्रत्येक मुलाला त्याचा स्वतःचा लॉगिन दिला. कल्याणहून येणारी पोरं गाडीत उभ्या उभ्या वाचतात. वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे जर्नलांची देशभरासाठी एकच सरकारी वर्गणी, तू पेपरात वाचलं असशील, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालं, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी आणि जवळजवळ १३,००० जर्नल. पण पहिल्या टप्प्यात ते सरकारी संस्थांसाठी आहे. आमच्यासारखी खासगी संस्थांची कॉलेजं बाहेरच राहिली. आमची मुलंही ह्याच देशातली आहेत, त्यांचा नंबर लवकर लागावा असं मला मनापासून वाटतं. आणि वाचनकक्ष आता रात्री आठपर्यंत उघडा असतो. डोंगरावरच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, टीव्ही आणि शिलाई मशीन असताना अभ्यास कुठे करायचा, सांग. संध्याकाळी सहानंतर जागा मिळत नाही इतकी गर्दी असते.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

एफ.वाय.ला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, एक मुलगा आलाय, पूर्ण दृष्टिहीन. नाव लिहीत नाही, त्याला विचारलेलं नाही. जूनमध्ये तो मित्राचा हात धरून लायब्ररीत आला, कोपऱ्यात बसला, आणि मित्राचं काम झालं तसा उठून गेला. चार-पाच दिवस हेच. एकदा मी विचारलं, ‘तुला काही हवंय का रे?’ तर म्हणाला, ‘नाही मॅडम, हा वाचून दाखवतो मला, त्याला वेळ असेल तेव्हा.’ त्या ‘वेळ असेल तेव्हा’नं मला रात्री झोप लागली नाही.

खिडकीजवळचं टेबल रिकामं केलं. एक जुना संगणक, एक स्कॅनर, हेडफोन. त्यावर एनव्हीडीए घातलं. पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवणारं हे मोफत सॉफ्टवेअर एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं २००६ साली स्वतःच्या गरजेतून सुरू केलं. ते मराठीही वाचतं. सुगम्य पुस्तकालय या दृष्टिहीनांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयातली पुस्तकं शोधली, पण आमच्या अभ्यासक्रमाची मराठी पुस्तकं थोडीच सापडली. मग ठरवलं, आपणच करायची. प्रिन्सिपल सरांना आधी कॉपीराइटची काळजी होती. त्यांना २०१२ ची कायद्यातली दुरुस्ती दाखवली. दिव्यांग वाचकासाठी, नफा न घेता, पुस्तक वाचता येईल अशा रूपात आणायला परवानगी लागत नाही. सरांनी लगेच सही केली.

स्कॅन केलेलं पान अक्षरात उतरवताना मात्र जीव मेटाकुटीला येतो. ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, जोडाक्षरं तर विचारूच नकोस. ‘भरती’ची ‘मरती’ झाली तर ऐकणाऱ्यानं काय समजायचं? म्हणून एन.एस.एस.ची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, मुलं मदतीला घेतली. त्यांना वर्षाला १२० तास काम करायचं असतंच. प्रत्येकाला दहा पानं. मूळ पुस्तक डावीकडे, पडदा उजवीकडे, आणि ओळीवर पट्टी ठेवून तपासायचं. अर्थशास्त्राचं पुस्तक ऑगस्टच्या शेवटी पुरं झालं. तुझी कपाटभर पुस्तकं २२ जुलै २०२१ च्या पुरात चिखलात गेली तेव्हा तू फोनवर नुसती रडत होतीस. एकेक पान सुरक्षित उतरताना पाहिलं की मला तो फोन आठवतो.

पहिल्या दिवशी तो टेबलाशी बसला. मी हेडफोन दिले, आवाज सावकाश लावून दिला. त्यानं दोन मिनिटं ऐकलं, मग कीबोर्डवर बोटं चालवून वेग वाढवला, आणखी वाढवला. मी एका कानानं ऐकून पाहिलं, मला एक शब्द कळेना, नुसती सर्र आवाजाची धार. तो मात्र मान हलवत ऐकत होता. मग थांबून म्हणाला, ‘मॅडम, तिसरं प्रकरण मी परत ऐकू का? आत्ताच?’ परवानगी मागत होता गं, परत ऐकण्याची. आजवर कोणाला दुसऱ्यांदा वाच म्हणायचं त्याला अवघड वाटायचं. मी म्हटलं, शंभरदा ऐक. मग कपाटाआड जाऊन डोळे पुसून आले.

आता तो एकटा येतो. दारापासून सोळा पावलं आणि मग उजवीकडे, त्यानं मोजून ठेवलंय. त्या वाटेत कोणी सॅक टाकली तर परिचर काका अख्खा वर्ग ऐकेल असे ओरडतात.

पण एक अडलंय. अर्थशास्त्र चालतं, राज्यशास्त्र चालतं, कविता चालत नाही. ते यंत्र कविता हिशेबाच्या पावतीसारखी वाचतं. ओळ कुठे मोडली, कुठे थांबायचं, त्याला काही कळत नाही. परवा तो म्हणाला, ‘मॅडम, शब्द कळले, कविता नाही कळली.’ तेव्हा मला आठवीचा वर्ग आठवला. तू कविता म्हणायला उभी राहिलीस की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प व्हायची. आज पंचवीस वर्षं तू तेच शिकवते आहेस.

सुनंदा, दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस ये. अभ्यासक्रमात बारा कविता आहेत. दुपारी लायब्ररी रिकामी असते, पंखे बंद केले की आवाज स्वच्छ येतो, मी करून पाहिलंय. माझ्या फोनवर रेकॉर्ड करू. राहायला माझ्याकडे, करंजीचं सारण तू आण.

‘कोणी म्हणून दाखवणारं आहे का?’ असं त्यानं विचारलं, तेव्हा मी दिवाळीनंतर म्हणून सांगून टाकलंय. तुला न विचारता सांगितलं, पण तू नाही म्हणणार नाहीस हे मला ठाऊक आहे.

आईंना नमस्कार. त्यांचा गुडघा कसा आहे ते कळव.

तुझीच,
वैशाली