डॉली धरून बसलेल्या काकांस

ती. स्व. काकांस सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांत लिहितोय. समोर आभार मानले असते तर ‘चहा टाक आधी’ म्हणून तुम्ही उठून गेला असता.

इथे ओहायोत एका शेतावरच्या बार्नमध्ये १९६६ची १७ फुटी एअरस्ट्रीम कॅरावेल, म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचं ॲल्युमिनियमचं फिरतं घर, मिळाली, तेव्हा मी हरखलोच होतो. वर्षानुवर्षं छपराखाली राहिलेली, पत्र्याला पोचा नाही, कपाटं मूळची, खिडक्या शाबूत. आतलं सगळं उपसून पांढरंशुभ्र किचन बसवायचं, एवढाच माझा बेत. शेजारी लेकीकडे ६ महिन्यांसाठी आलेले तुम्ही हात मागे बांधून एक फेरी मारलीत, चष्मा लावून पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांची रांग न्याहाळलीत आणि म्हणालात, “अरे, हे तर विमानच की!” सांताक्रूझला एअर इंडियाच्या शीटमेटलमध्ये उभी हयात काढलेल्या माणसाची दाद ती.

मग आत जाऊन मागच्या कोपऱ्यातल्या जमिनीत तुम्ही स्क्रू ड्रायव्हर टेकवलात. तो मुठीपर्यंत गेला. प्लायवूडचा नुसता भुगा. “कपाटांना हात लावू नकोस. पैसे इथे घाल.”

प्लायवूड बदलायला पत्रे सोडवावे लागले. एक रिव्हेट काढताना माझ्या हातून ड्रिल सरकलं, भोक लांबट झालं. मी नवा पत्रा मागवायला निघालो, तर तुम्ही म्हणालात, “एक सुताचं होतं ना? सव्वा सुताचं घाल.” जरा जाड रिव्हेट, झालं काम.

जुलैच्या उकाड्यात, बनियनवर, तुम्ही आत डॉली, म्हणजे रिव्हेटच्या शेपटीला टेकवायचा लोखंडी ठोकळा, धरून बसायचात आणि बाहेर मी रिव्हेट ठोकायची गन चालवायचो. पत्र्यावर एक टकटक म्हणजे अजून मार, दोन म्हणजे बसलं. पलीकडचं तुमचं तोंड दिसत नसे, पण दुसरी टकटक यायला उशीर झाला की माझ्या पोटात गोळा यायचा. जॅक्सन सेंटरला एअरस्ट्रीमच्या कारखान्यात आपण गेलो तेव्हा तिथेही एक आत, एक बाहेर अशीच जोडी दिसली. तुमची मान जी डोलायला लागली, ती थांबेचना. (१९५२पासून तिथे या गाड्या बनतात, हे गाईडआधी तुम्हीच मला सांगितलं होतंत.)

परवा रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी मागच्या कोपऱ्यात हात फिरवला. कोरडा.

बॅगेचं वजन होतंय म्हणून ठेवून गेलात ती डॉली जपून ठेवलीय. दाराजवळचा एक पत्रा मुद्दाम बाकी आहे. मे महिन्यात या.

लोभ असावा.