दादा, त्या पाइपला थिनर लावू नकोस

प्रिय दादा,

परवा व्हिडिओ कॉलवर तू सिंकखालचा रंगवलेला पीव्हीसी पाइप दाखवलास आणि सहज बोलून गेलास की एल्बो (कोपऱ्यात वळवायचा जोड) बसवायचाय, रविवारी थिनर आणतो आणि सगळा रंग उतरवून टाकतो, तेव्हाच मला ओरडायचं होतं पण मधेच आईने फोन घेतला, मग तिचे गुडघे, माझं वजन, वहिनीचं ऑफिस असं करता करता तास गेला आणि पाइप राहिलाच. म्हणून लिहितेय. थिनर लावू नकोस, प्लीज.

हा शहाणपणा मी इथे आधीच करून बसलेय. या भाड्याच्या घरात कुणीतरी भिंतीबरोबर पाइपही रंगवून टाकलेत, एक नाही तीन थर. मला वॉशिंग मशीनसाठी मधे एक टी (तीन तोंडांचा जोड) बसवायचा होता. म्हटलं नेलपॉलिश निघते तर हेही निघेल, रिमूव्हरमध्ये कापूस बुडवला आणि रगड रगड रगडला. रंग झटक्यात निघाला, मी खूश. मग बोट लावून बघितलं तर पाइपच चिकट! कापसाचे तंतू त्यात असे रुतून बसलेले की पाइपला लव फुटल्यासारखी दिसत होती. दुसऱ्या दिवशी कडक झाला पण पार खडबडीत, शेवटी तेवढा तुकडा कापून फेकला.

नंतर ट्यूब पेटली. आपण पाइप जोडायला जे सोल्युशन लावतो ना, ते फेविकॉलसारखं चिकटवत नाही, ते पीव्हीसीचा वरचा थर विरघळवतं आणि दोन्ही तुकडे एकमेकांत मुरून एकजीव होतात. त्यात टेट्राहायड्रोफ्युरान, मिथाइल इथाइल कीटोन असली द्रव्यं असतात आणि नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन त्यांचंच भावंड. म्हणजे मी रंग काढत नव्हते, पाइप वितळवत होते. थिनरमध्येही बऱ्याचदा हीच मंडळी असतात. आणि रंग उतरवायचं ते जहाल मिथिलीन क्लोराइडवालं रिमूव्हर तर प्लास्टिकच्या आसपासही नको.

आधी रंग कुठला ते बघ. आयसोप्रोपिल अल्कोहोल (सॅनिटायझरमध्ये असतं ते, पण जेल नको, पातळ घे) फडक्याला लावून एका कोपऱ्यात मिनिटभर घास. फडक्यावर रंग उतरला तर पाण्याचा रंग आहे, तुझं काम सोपं. नाही उतरला तर बहुतेक ऑइलपेंट.

पाण्याचा असेल तर तेच अल्कोहोलचं फडकं पाइपला गुंडाळ, वरून प्लास्टिकची पिशवी लपेट म्हणजे उडून जाणार नाही, आणि दहा मिनिटं विसरून जा. रंग फुगतो, सुरकुततो. मग एखादं जुनं एटीएम कार्ड घेऊन तिरकं धरून ढकल, लांब पापुद्रे निघतात, फार समाधान मिळतं खरं सांगते, मी अर्धा तास नुसती तेच करत बसले होते. खिडकी उघडी ठेव आणि गॅस, गिझर बंद, अल्कोहोल पेट घेतं.

ऑइलपेंट असेल तर अल्कोहोलचा फारसा उपयोग नाही. तिथे पॉलिश पेपर, पण ओला करून. कोरडं घासलं की धूळ नाकात जाते आणि जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, घरात पिल्लू आहे म्हणून सांगतेय. 220 नंबरने सुरू कर, शेवटी 400. आणि लोखंडी पत्रा, सुरी काही नको, पाइपला लांबीच्या बाजूने चर पडला की नंतर पाणी बरोबर तिथूनच वाट काढतं.

हीटगनचं बोलला होतास, ते मनातून काढून टाक. पीव्हीसी 80 अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं आणि हीटगन काही शे अंशांवर जाते, पाइप वाकडा होईल आणि जास्त तापला तर हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, डोळे आणि घसा जाळतो. अगदीच चिवट जागा असेल तर हेअर ड्रायर, तोही लांबून, हलता ठेवून, पाइपला हात लावता आला पाहिजे इतपतच. अल्कोहोल पूर्ण उडाल्यावर हां, दोन्ही एकदम नको.

अजून एक, आणि ही चूक मी दुसऱ्यांदा केली (हसू नकोस). चकचकीत झाला पाहिजे म्हणून मी घासत राहिले आणि पाइपच बारीक झाला, मग टी त्यावर डुगडुगायला लागला. जोड घट्ट बसण्यावर तर सगळं असतं. रंग गेला की थांब, हलका डाग राहिला तर राहू दे. आणि अख्खा पाइप कशाला सोलतोस? जोडाच्या तोंडात पाइप जेवढा आत जातो तेवढा भाग आणि वर दोन बोटं, बास. तेवढं मात्र नीट, कारण रंगावर सोल्युशन लावलंस तर ते रंगाला धरतं, पाइपला नाही, आणि जोड सुटतो.

गच्चीवरच्या उन्हातल्या पाइपला तर हातच लावू नकोस. तिथला रंग कामाचा आहे, उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होतं ते त्याने वाचतं.

कोपऱ्यात घासून झालं की फोटो टाक, फडक्याचा पण टाक. आणि सोल्युशन लावायच्या आधी एल्बो एकदा कोरडाच बसवून बघ, डुगडुगला तर मला फोन कर, कितीही वाजलेले असू दे.

तुझी,
छोटी