आजीला वाचून दाखवा

वॉर्नम्बूल, व्हिक्टोरिया
मार्च महिना

ती. दादा व ती. सौ. आई यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

त्या दिवशी फोनवर दादा रागात होते, त्यामुळं नीट बोलणं झालंच नाही. "घर बदलायलेत का हुंदडायलेत?" हे त्यांचं म्हणणं आईनं नंतर हसत हसत पोचवलं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

सिडनीपासून इथपर्यंत हजार किलोमीटरच्या वर अंतर. अख्खा ट्रक करायचा तर परवडत नाही. मग वाटणीच्या ट्रकात सामान टाकलं. त्यात पाच-सहा घरांचं सामान एकत्र, ट्रक भरला की निघणार, वाटेत एकेकाचं उतरवत येणार. "आज लोड होतंय, उद्या निघतंय" हे इथंही ऐकलं, फक्त इंग्रजीतून. सिडनीचं घर रिकामं करून दिलेलं, इथं नुसती फरशी. मधल्या दिवसांचं करायचं काय? तुमचे जावई म्हणाले, मोटारसायकल ट्रकात घालण्यापेक्षा तिच्यावरच जाऊ, आणि जायचंच तर समुद्राच्या कडेनं जाऊ. गाडी रॉयल एनफिल्डच आहे, दादांनी काळजी करू नये. सगळी त्यांनीच चालवली. माझं लायसन अजून शिकाऊ, त्यावर मागं माणूस बसवता येत नाही.

गाडीच्या दोन बाजूंना दोन पेट्या. एकीत कपडे, दुसरीत कागदपत्रं, धपाट्यांचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी. देव मात्र ट्रकातही दिले नाहीत आणि पेटीतही ठेवले नाहीत. खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण आईनं दिलेल्या इरकली खणात गुंडाळून माझ्या पाठीवरच्या पिशवीत होते. मुक्कामाला खोलीत शिरलं की आधी ती पिशवी टेबलावर, मग बूट काढायचे. आजी विचारील म्हणून लिहिलं.

सिडनीतून दक्षिणेला निघालं की समुद्र डाव्या हाताला, आणि इथं आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. म्हणजे पूर्ण वाटेत आपल्यात आणि पाण्यात दुसरी गाडी नाही. पहिल्याच टप्प्यात सी क्लिफ ब्रिज लागतो. तिथं रस्ता आधी कड्याला खेटून जायचा, वरून दरडी पडायच्या. 2003 मध्ये रस्ता बंद केला आणि 2005 मध्ये चक्क बाजूला समुद्रात खांब रोवून 665 मीटरचा पूल काढला. डोंगराला त्याच्या दरडी पाडू द्या, आम्ही बाजूनं जातो, असा हिशेब. मला आवडला.

पुढं व्हिक्टोरिया राज्यात शिरताना मैलोन्‌मैल निलगिरीचं जंगल. 2019 च्या शेवटी इथं वणवा पेटला होता, बातम्यांत तुम्हीही पाहिला असेल. मालाकूटा नावाच्या गावात 31 डिसेंबरला हजारो माणसं आग आली म्हणून समुद्राच्या वाळूवर जाऊन थांबली आणि पुढं नौदलाच्या जहाजानं त्यातल्या अनेकांना बाहेर काढलं. झाडांची खोडं अजून काळी आहेत, पण खालपासून वरपर्यंत त्या कोळशालाच पालवी फुटलेली. निलगिरीच्या सालीखाली डोळे झोपलेले असतात, शेंडा जळाला की ते जागे होतात. आपल्याकडं बांधावरच्या निलगिरीला पाणी पिते म्हणून शिव्या देतात, तीच ही.

सूर्य कलायच्या आत आम्ही रोज थांबत होतो. आपल्याकडं रोही आडवे येतात, इथं कांगारू. आणि तेही नेमके तिन्हीसांजेला.

आता खरं सांगायचं ते. मेलबर्नच्या पुढं टॉर्कीपासून ग्रेट ओशन रोड सुरू होतो. सुमारे 240 किलोमीटरचा, आणि संपतो आमच्या वॉर्नम्बूलच्या अलीकडं, अगदी दारात. लोक येतात ते समुद्रातले दगडी सुळके बघायला. त्यांचं नाव बारा प्रेषित, पण बारा कधीच नव्हते, आणि 2005 मध्ये त्यातला एक कोसळला. चुनखडीचा दगड, लाटा खालून खात राहतात. आम्हीही फोटो काढले, पाठवते. पण माझं लक्ष रस्त्यावर होतं.

हा रस्ता पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी बांधला. 1919 ला सुरू, 1932 ला पूर्ण. घरी आलेल्या पोरांना काम नव्हतं, म्हणून जवळजवळ तीन हजार जण या कामावर. टिकाव, खोरं, पहार, घोड्याची गाडी आणि सुरुंग. कडा एवढा उभा की लॉर्नच्या पुढं गाडी वळताना खाली बघवत नाही. आणि तो माणसांनी हातानं खणलेला. ठिकठिकाणी कापलेल्या खडकाची धार तशीच आहे. यांना म्हटलं थांबा, आणि मी हातमोजा काढून त्यावर हात फिरवून बघितला.

मला आजी आठवली. बहात्तरच्या दुष्काळात ती आणि आजोबा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे, दादा तीन-चार वर्षांचे, बाभळीच्या सावलीत. मुकादमाची हजेरी, मस्टर, लेकरांना सुकडी, घरी अमेरिकेच्या मिलो ज्वारीची भाकरी. आजी त्या मिलोला अजून नावं ठेवते. इथल्या सैनिकांची राहणी तंबूतच, पण कॅम्पात पियानो आणि ग्रामोफोन होता! आणखी एक गंमत सांगतात. 1924 मध्ये एक जहाज तिथं खडकाला लागलं, हलकं व्हावं म्हणून बिअरची पाचशे पिंपं खलाशांनी समुद्रात टाकली. ती वाहत किनाऱ्याला आली आणि रस्त्याचं काम दोन आठवडे बंद. आपल्या गुत्तेदाराला हे सांगू नका.

सुरुवातीला रस्त्यावर टोल होता. 1936 मध्ये रस्ता सरकारकडं गेला आणि टोल बंद झाला. दादांचा विश्वास बसणार नाही, पण बंद झाला.

रस्त्यावर एक लाकडी कमान आहे आणि तिच्याशेजारी दोन मजुरांचा पुतळा. अधिकारी नाही, मंत्री नाही, घामेजलेले दोन मजूर. कागदोपत्री हा अख्खा रस्ताच त्यांच्या युद्धात मेलेल्या सोबत्यांचं स्मारक आहे. आणि आजीच्या रस्त्यावर काय आहे? डांबरीकरणाच्या उद्घाटनाची संगमरवरी पाटी, तिच्यावर आमदारांचं नाव. मला त्याचा राग आला, खोटं कशाला बोलू. हे म्हणाले, तू तिथं उभी राहून भांडतेस कुणाशी? पण रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये झाला, तो त्याच कामांवरच्या बायाबापड्यांच्या जिवावर, हे त्यांनाही मान्य आहे.

म्हणून एक काम. आजीला बसवून विचारा: कोणकोणत्या रस्त्यांवर गेली, कोणत्या पाझर तलावावर, मजुरी किती मिळायची, मुकादम कोण होता, सोबत बाया कोण. वहीत लिहून ठेवा. फोनवर रेकॉर्ड केलं तर उत्तम, पण तिला ऐकू कमी येतं, तेव्हा दादांनी जवळ बसून मोठ्यानं विचारावं. आईलाही विचारू द्या. बायकांच्या गोष्टी आजी दादांना सांगणार नाही.

घर बरं आहे. दोन खोल्या, मागं थोडी जागा, वारा मात्र भयंकर. सामान आमच्यानंतर तीन दिवसांनी आलं, पिठाचा डबा फुटून सगळ्या गाद्यांवर ज्वारीचं पीठ. आसपास सगळा दुधाचा धंदा. यांचं काम एका दूध कारखान्यात, सोमवारपासून रुजू. मी शोधते आहे.

इथं जून ते सप्टेंबर देवमासे पिलं घालायला किनाऱ्याजवळ येतात, गावाच्या कडेला लाकडी मचाण आहे, तिथून दिसतात. तुम्ही तेव्हा याल तर थंडी असते, स्वेटर आणा. दादांचा पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतोय, आत्ताच नूतनीकरणाला टाका, शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. आईचा व्हिसाचा फोटो मागच्या वेळी परत आला होता, या वेळी पांढऱ्या पडद्यासमोरच काढा.

आजीला नमस्कार. तात्यांना आणि काकूला सांगा, पुढच्या आठवड्यात फोन करते.

तुमची
माई