मायक्रोवेव्हची भीती भलतीकडेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये शिजवलेले अन्न किरणोत्सारी होते, त्यातले सत्त्व नाहीसे होते आणि पुढे कर्करोग होतो, अशा आशयाचे इशारे मोबाइलवर अधूनमधून फिरत असतात. गंमत म्हणजे, या इशाऱ्यांनी धास्तावलेली मंडळीही आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात गरम करण्यासाठी अन्न निर्धास्तपणे आत ठेवतात. खरी काळजी कुठे घ्यायची हेच निसटत असल्यामुळे हा पत्रप्रपंच.

घरगुती ओव्हनमधील लहरींची वारंवारता साधारण २४५० मेगाहर्ट्झ असते. क्ष-किरणांप्रमाणे अणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी ऊर्जा या लहरींत नसते. अन्नातील पाण्याच्या रेणूंना त्या वेगाने हेलकावे देतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते, एवढेच. दिवा मालवल्यावर खोलीत प्रकाश उरत नाही, तशाच ओव्हन बंद होताक्षणी या लहरीही उरत नाहीत. त्यांची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर आणि दाराच्या काचेआडच्या धातूच्या जाळीची छिद्रे जेमतेम एक-दोन मिलिमीटरची, म्हणून आतले अन्न डोळ्यांना दिसते, पण लहरी अडतात. तरीही काही गळती झालीच, तर ओव्हनच्या संपूर्ण आयुष्यात ती पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉटच्या पुढे जाता कामा नये, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा नियम आहे. दार वाकलेले असेल, बिजागरी सैल झाली असेल किंवा दार नीट मिटत नसेल, तर मात्र दुरुस्ती होईपर्यंत ओव्हन वापरू नये.

सत्त्वाचे म्हणाल, तर क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेने घटते. त्यामुळे भरपूर पाण्यात भाजी उकळून ते पाणी ओतून देण्यापेक्षा, चमचाभर पाणी शिंपडून झाकण ठेवून ती थोडा वेळ मायक्रोवेव्ह केली, तर ते बहुधा जास्तच टिकते.

खरा धोका आहे तो असमान तापण्याचा. या लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात, त्याच्या आतला भाग बाहेरून येणाऱ्या उष्णतेवर तापतो. शिवाय ओव्हनच्या पोकळीत लहरींचा जोर सगळीकडे सारखा नसतो, म्हणून तर आतली तबकडी फिरती ठेवलेली असते. बर्फ या लहरी पाण्याच्या मानाने फारच कमी शोषतो. त्यामुळे गोठलेल्या मांसाचा जो कोपरा आधी वितळतो तो भराभर तापत जातो आणि मधला गोळा दगडासारखाच राहतो. कडेने वाफा येत असलेल्या वाटीचा मधला घास गार लागतो, हा अनुभव अनेकांचा असेल. जिवाणू जिवंत राहतात ते तिथेच. उरलेले अन्न मध्यभागीही ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवे. त्यासाठी ते पसरट भांड्यात ठेवावे, मध्येच बाहेर काढून ढवळावे आणि शेवटी दोन-तीन मिनिटे झाकून ठेवावे. हा शेवटचा थांबा जवळपास सगळेच गाळतात. तान्ह्या बाळाच्या दुधाची बाटली तर यात तापवूच नये. बाटली हाताला कोमट लागते, पण आतल्या दुधाने तोंड भाजू शकते.

दुसरी गोष्ट साध्या पाण्याची. गुळगुळीत कपातले पाणी उत्कलनबिंदू ओलांडूनही शांत दिसू शकते आणि त्यात चमचा बुडवताच उसळून अंगावर येते. पाणी ठेवतानाच कपात लाकडी काडी घालावी आणि ते गरजेपुरतेच तापवावे. कवचासकट अंडे किंवा टोचे न मारलेला अख्खा बटाटा ठेवणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण, हे बहुतेकांना ठाऊक असते. प्लॅस्टिकच्या बाबतीत, ज्यावर मायक्रोवेव्हसाठी योग्य असल्याचा स्पष्ट उल्लेख नाही, ते भांडे आत नकोच. काच किंवा धातूची नक्षी नसलेली चिनी माती उत्तम.

एक विनंती आपल्यालाही आहे. आपल्या पुरवणीतील पाककृतींत 'पाच मिनिटे मायक्रोवेव्ह करा' एवढेच छापलेले असते. ७०० वॉटच्या ओव्हनला ज्या कामासाठी पाच मिनिटे लागतात, ते १००० वॉटचा ओव्हन साधारण साडेतीन मिनिटांत उरकतो. तेव्हा वेळेसोबत वॉट, पदार्थ मध्ये कधी ढवळायचा आणि नंतर किती वेळ झाकून ठेवायचा, हेही छापावे.

आपला,
एक नियमित वाचक