आरोग्यमंत्री साहेब, आशाताईंना म्हाताऱ्या माणसाशी एकटं बोलू द्या

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

तुम्ही राधानगरीकडचे, आपल्याच जिल्ह्यातले, म्हणून जरा मोकळंच लिहितोय.

मंगळवार पेठेत आमच्या शेजारी एक आक्का आहेत, वय ७८. वर्षभर सगळी गल्ली म्हणत होती आक्काला चळ लागलाय, एकच गोष्ट दहादा विचारतीय, चपातीचा तुकडा पदराला बांधून ठेवतीय, आणि आम्ही पण माना डोलवायचो, वय झालं की व्हायचंच. नंतर कळलं की कानाच्या मशीनचे सेल संपून चार महिने झालेले, पासबुक मुलाकडं, आणि जिन्याखालच्या खोलीत घरचे ताट सरकवून दार ओढून घ्यायचे. चपाती बांधून ठेवायच्या कारण रात्रीचं जेवण मिळेलच असं नव्हतं. ह्याला चळ म्हणायचं काय?

शेवटी भाचीनं भांडून डॉक्टरकडं नेलं. बी-१२ व्हिटॅमिन कमी आणि डिप्रेशन. उतारवयातलं डिप्रेशन कधीकधी डिमेन्शियासारखंच, म्हणजे स्मृती जाण्याच्या आजारासारखंच दिसतं, आणि ते बरं होऊ शकतं. परवा आक्कांनी मला भाजीच्या हिशेबात चार रुपयाला पकडलं!

सगळ्यांचं असं होत नाही, काहींना खरंच डिमेन्शिया असतो. पण कमी ऐकू येणं, एकटेपणा, डिप्रेशन ह्यानं त्याचा धोका वाढतो, लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशननं २०२४ ला धोक्याची १४ कारणं दिली, त्यांत ही तिन्ही आहेत. म्हणजे अडगळीत टाकलेलं माणूस नुसतं दुःखी होत नाही, त्याचं डोकंही झिजू शकतं.

आईवडील आणि ज्येष्ठांना सांभाळण्याचा २००७ चा कायदा आहे, प्रांतांकडं अर्ज करता येतो, माणसाला स्वतःला जमत नसेल तर त्यानं सांगितलेल्या दुसऱ्यालाही, ट्रिब्युनल आपणहून पण दखल घेऊ शकतं. पण आधी कुणाला तरी कळायला नको का? ज्येष्ठांसाठी १४५६७ हेल्पलाइन आहे, म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्यानं फोन करायचा.

आशाताई घरोघरी फॉर्म भरतात, त्यात साठीच्या वरच्यांना प्रश्न आहे, जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का. उत्तर कोण देतं? दारात उभा असलेला मुलगा, नाहीतर सून. साहेब, एवढंच करा, हे प्रश्न त्या माणसाला एकट्याला विचारायचा आदेश काढा, आणि 'हो' आलं की कान, बी-१२ आणि डिप्रेशनची तपासणी लगेच, घरात हाल दिसले तर थेट प्रांतांना पत्र. आणि ह्या कामाचं आशाताईंना वेगळं मानधन द्या, फुकटात अजून एक काम नको.

आक्कांच्या मशीनचे सेल सध्या मी आणतोय. बाकीच्या गल्ल्यांत कोण आणतंय ते बघा.

तुमचा,
मंगळवार पेठेतला एक शेजारी, कोल्हापूर